एका हार्डवेअर दुकानाचं प्रकरण: हळहळ होती, बिलं थकली होती

पार्श्वभूमी

आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर एक हार्डवेअरचं दुकान आहे. मालक साठी ओलांडलेले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून गाव, नावं आणि रकमा गाळल्या आहेत. घटनांचा क्रम आणि प्रमाणं मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत. मी हिशेब लिहिण्याचं काम करते, त्याच वस्तीत राहते, आणि या प्रकरणात पहिल्यापासून गुंतलेली होते. वाचताना हेही ध्यानात असू द्यावं.

दुकानाची मागची भिंत म्हणजे लाकडी खण. १४४ खण आहेत. प्रत्येकाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना स्क्रूने बसवलेला: बिजागरी, हूक, नट, कडी. गिऱ्हाईक खिशातून कागदात गुंडाळलेला तुटका भाग काढतं. काका तो उजेडाकडे धरतात, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवतात आणि न बोलता एक खण उघडतात. नळाची तक्रार असेल तर आधी प्रश्न येतो, "बंद केल्यावर ठिबकतो, की चालू असताना मानेतून गळतो?" बंद केल्यावर ठिबकत असेल तर आतला वायसर झिजलेला असतो. चालू असताना मानेतून पाणी येत असेल तर वायसर चांगलाच असतो, गेलेलं असतं मानेतलं पॅकिंग. बहुतेकांना हा फरक ठाऊक नसतो आणि ते नवा नळच घ्यायला निघालेले असतात. काका एक वायसर देतात. दहाचं पाकीट नाही, एक. वर जुना कसा काढायचा तेही हातवारे करून दाखवतात.

गल्ल्याच्या मागे एक फळी आहे. तिच्या खिळ्यांवर शेजारच्या सात घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असायच्या. कुणी गावाला गेलं, कुणाचं मूल शाळेतून लवकर आलं, तर किल्ली काकांकडे. ही गोष्ट आमच्याच वस्तीची खासियत आहे असं मला वाटायचं. पण शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांबद्दल १९६१ साली लिहिलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे घराची किल्ली ठेवण्याची रीत त्यांनाही मोलाची वाटली होती. घरात नाक न खुपसणारा, तरीही पूर्ण भरवशाचा माणूस: ही जागा मित्रही भरत नाही आणि नातेवाईकही भरत नाही.

अडचण

एके दिवशी दुकानाच्या दारावर कागद लागला: दुकान बंद करणे आहे.

कारण उघड होतं. भाडेकरार संपत होता आणि जागामालकाने दीडपट भाडं मागितलं होतं. घरपोच मालाची साठवण करणाऱ्या एका कंपनीने त्याच जागेबद्दल विचारणा केली होती. त्या रात्री वस्तीच्या ग्रुपवर हळहळीचा पूर आला. कुणी जुने फोटो टाकले, कुणी "असं होऊ देता कामा नये" असं लिहिलं. त्याच रात्री मी घरात एक चक्कर मारली आणि गेल्या वर्षभरात घेतलेल्या हार्डवेअरच्या वस्तू मोजल्या. बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, ड्रिलची पाती, दोन कुलुपं, रंगाचे ब्रश. एकही वस्तू काकांकडची नव्हती. त्यांच्याकडून काय घेतलं होतं? एक वायसर आणि चार खिळे.

दुसऱ्या दिवशी मी आणि आणखी दोन शेजारी दुकानात गेलो. काय करू शकतो ते विचारलं. काका म्हणाले, "तुम्ही सगळे चांगले आहात. पण चांगुलपणावर भाडं भागत नाही ना." मी वह्या बघायला मागितल्या. दोन दिवस त्यांनी टाळलं. तिसऱ्या दिवशी तीन वर्षांच्या वह्या एका पिशवीत घालून स्वतः घरी आणून दिल्या.

वह्यांत काय दिसलं

वाढलेलं भाडं हा शेवटचा घाव होता. आजार जुना होता आणि त्याचे तीन भाग होते.

पहिला भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तीन वर्षांत गिऱ्हाइकांची संख्या फारशी घटली नव्हती. घटला होता तो दर बिलाचा आकडा, आणि तो जवळजवळ निम्म्यावर आला होता. म्हणजे लोक येत होते, पण फक्त त्या वस्तूंसाठी ज्या दुसरीकडे सुट्या मिळत नाहीत. एका वायसरच्या मागे काकांची दहा मिनिटं जातात आणि त्यातल्या नफ्यातून ती दहा मिनिटं कधीच भरून निघत नाहीत. ती भरून काढत होते बल्ब, वायर, कुलुपं, रंग, अवजारं. वर्षानुवर्षं बल्ब वायसरला पोसत होता. आम्ही बल्ब दुसरीकडून आणायला लागलो आणि वायसरसाठी मात्र काकांकडे जात राहिलो. वस्तीने दुकान सोडलं नव्हतं. दुकानाचा फक्त तोट्याचा भाग वापरायचा ठेवला होता, आणि ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

दुसरा भाग उधारीचा. येणी जवळपास अडीच महिन्यांच्या विक्रीइतकी होती. घाऊक व्यापाऱ्याला काकांना तीस दिवसांत पैसे द्यावे लागत. येणी यायला चार-पाच महिने. मधली खिंड व्याजाच्या कर्जाने भरलेली. कागदावर नफा दाखवणारं दुकान असंच बुडतं, कारण नफा वहीत असतो आणि देणं रोखीत. आता सगळ्यात मोठं थकीत खातं कुणाचं? आमच्याच सोसायटीचं. पंपाचं सामान, जिन्यातले दिवे, गच्चीवरचे व्हॉल्व्ह, सगळं काकांकडून यायचं आणि बिल तीन सह्यांसाठी फायलीत पडून राहायचं. ग्रुपवर हळहळणाऱ्यांत त्या तिन्ही सह्यांचे मालक होते. त्यांच्या मनात खोट नव्हती. फायलीतला कागद आणि दारावरचा कागद यांचा संबंध आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिसरा भाग काकांचा स्वतःचा होता आणि तोही स्पष्ट सांगायला हवा. एकूण मालापैकी सुमारे एक चतुर्थांश माल दोन वर्षांहून जास्त काळ हलला नव्हता. रंगाचे डबे आत घट्ट झालेले. बाजारातून कधीच गेलेल्या मापाच्या जोडण्या. "कुणाला तरी लागेल" म्हणून ठेवलेलं सगळं. छोट्या दुकानाच्या बाजूने बोलायचं म्हणून त्याच्या चुका झाकायच्या नसतात. झाकल्या तर उपाय चुकतो.

पहिला निर्णय इथेच घ्यावा लागला: उधारीचं लोकांना सांगायचं का? काकांचा ठाम नकार होता. "मागितले की माणूस यायचा बंद होतो," ते म्हणाले. त्यांच्या अनुभवात हे खरं होतं. शेवटी ठरलं की व्यक्तींची खाती कुणापुढे काढायची नाहीत, फक्त सोसायटीचं खातं काढायचं, कारण ते सामूहिक होतं आणि त्यात कुणाची अब्रू जात नव्हती.

समोर असलेले पर्याय

एक सूचना लगेच आली: खरेदीचा एक दिवस ठरवू, सगळ्यांनी त्या दिवशी काकांकडेच घ्यायचं. अमेरिकेत २०१० पासून नोव्हेंबरमधला एक शनिवार असाच छोट्या व्यवसायांसाठी पाळला जातो. एका क्रेडिट कार्ड कंपनीने तो सुरू केला. अशा दिवसाने लोकांचं लक्ष वेधलं जातं, ते खरं. पण आमची अडचण लक्ष नसण्याची नव्हतीच. लक्ष तर सगळ्यांचं होतं.

वर्गणी काढून मदत द्यावी, असं काहींचं मत पडलं. काकांनी ऐकूनही घेतलं नाही. मला ते योग्यच वाटलं.

सगळ्यांत गंभीरपणे चर्चा झाली ती रहिवाशांनी मिळून दुकान चालवायला घेण्याची. याला मोठी परंपरा आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी १८४४ साली २८ जणांनी, बहुतेक कामगारच, भागभांडवल जमवून दुकान काढलं होतं. शिल्लक उरेल ती ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायची, हा त्यांचा नियम. दुसरा नियम, उधारी नाही. आमच्या वह्या पाहिल्यावर या दुसऱ्या नियमामागचं शहाणपण मला नीट कळलं. ब्रिटनमधल्या कित्येक खेड्यांत शेवटचं दुकान बंद पडायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी समभाग घेऊन ते आपल्या मालकीचं केलं आहे, आणि तिथे समभाग कितीही असले तरी मत प्रत्येकाला एकच. आम्ही हा पर्याय बाजूला ठेवला तो दोन कारणांनी. काकांना दुकान विकायचं नव्हतं. आणि १४४ खणांत काय आहे हे ठाऊक असलेली माणसं दोनच होती: काका आणि १९ वर्षं तिथे काम करणारा त्यांचा मदतनीस.

वस्तीपुरत्या चलनाचीही कल्पना निघाली. ब्रिस्टल शहरात २०१२ साली असं स्थानिक पाउंड चलन सुरू झालं होतं. पुष्कळ उत्साह होता, पण दहा वर्षंही ते टिकलं नाही. त्यातून आम्ही फक्त आगाऊ कुपनांची कल्पना उचलली. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

आणि काहीच न करणं हाही एक पर्याय होता. एका तरुण शेजाऱ्याने बैठकीत सरळ विचारलं, "मला तोच बल्ब स्वस्तात घरपोच मिळतो. मी जास्त पैसे का द्यायचे?" काही जण चिडले. मला तो प्रश्न रास्त वाटला आणि उत्तर द्यायची जबाबदारी आमची होती.

मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पैशाची. शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात २००४ साली सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने पाहणी केली. स्थानिक मालकीच्या व्यवसायात खर्च झालेल्या दर १०० डॉलरपैकी ६८ डॉलर शहराच्या अर्थव्यवस्थेत फिरत राहतात आणि साखळी व्यवसायात ४३, असं तिथे दिसलं. कारण साधं आहे. मालकाचा नफा तिथेच खर्च होतो, पाटी रंगवणारा तिथलाच असतो, हिशेब लिहिणारीही तिथलीच. हे आकडे तिथले आहेत, आमच्या वस्तीला जसेच्या तसे लावू नयेत. पण पैशाची वाट तीच.

दुसरी गोष्ट किल्ल्यांच्या फळीशी जोडलेली. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसं दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. गरिबी सारखीच, एकटे राहणारे म्हातारेही सारखेच. तरी एकीतला मृत्युदर दुसरीच्या दहापट. जिथे कमी माणसं गेली तिथले रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती. वृद्ध माणसं घराबाहेर पडत होती, कारण बाहेर जायला जागा होती आणि ओळखीचे चेहरे होते. दुसऱ्या वस्तीतली दुकानं कधीच बंद पडली होती, फुटपाथ ओस होते, म्हातारी माणसं दार लावून आत बसली.

तो तरुण ऐकून म्हणाला, "मग हे सगळं बिलात कुठे दिसतं?" दिसत नाही, हीच तर अडचण आहे.

काय केलं

सुरुवात सोसायटीपासून केली. ठरावीक रकमेखालची बिलं दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत द्यायची, त्यासाठी एकच सही पुरेल, असा ठराव झाला. जुनी थकबाकी दोन हप्त्यांत दिली. या एका गोष्टीने काकांच्या व्याजाच्या कर्जातला मोठा भाग फिटला, आणि आमच्या खिशातून जास्तीचा एक पैसाही गेला नाही. देणं होतं, ते दिलं, एवढंच.

मग जागामालकाला भेटलो. आम्ही भावनेचं बोललो नाही. नवा भाडेकरू येईपर्यंत जागा किती महिने रिकामी राहील, दुरुस्तीला काय लागेल, मालाच्या गाड्या दिवसभर अरुंद रस्त्यावर उभ्या राहिल्या तर वरच्या मजल्यावरचे भाडेकरू काय म्हणतील, याचा हिशेब मांडला. मागची गोदामाची खोली काका सोडतील, पुढच्या गाळ्याचं भाडं एकदम न वाढता दरवर्षी थोडं वाढेल आणि करार पाच वर्षांचा, असं ठरलं. खोली सोडणं काकांना जड गेलं. पण खोली सोडायची म्हणजे पडून असलेला माल काढावा लागणार होता, आणि तो तसाही काढायला हवाच होता. चार रविवार आम्ही ते काम करत होतो. घट्ट झालेला एकेक डबा बाहेर काढताना काका झाकणावरची तारीख वाचत आणि डबा थोडा वेळ हातातच धरून ठेवत.

दरांचा निर्णय सोपा नव्हता. सगळ्या वस्तू स्वस्त करणं शक्यच नव्हतं. लोक फोनवर ज्यांच्या किमती ताडून पाहतात अशा आठ-दहा वस्तूंचे दर काकांनी जवळपास बाजाराइतके आणले. उलट घरी येऊन पाहणी करायची झाल्यास शुल्क लावलं. दुकानातलं निदान मात्र फुकटच राहिलं. मी त्याच्या विरोधात होते. माझं म्हणणं होतं की वेळेला किंमत लावा, म्हणजे वायसर स्वतःच्या पायावर उभा राहील. काका म्हणाले, "अगं, विचारायचे पैसे घेतले तर विचारणारच कोण? न विचारता नवा नळ आणतील." त्यांचं बरोबर होतं. प्रश्न विचारायला येणारं माणूसच पुढे कुलूप न्यायला येतं.

शेवटी कुपनं. रहिवाशांनी आगाऊ पैसे देऊन कुपनं घ्यायची आणि वर्षभरात माल न्यायचा. पहिल्या महिन्यात भरपूर कुपनं गेली. त्या पैशातून काकांनी घाऊक व्यापाऱ्याची देणी चुकती केली. मग चार महिन्यांनी अनेक घरांनी एकाच वेळी रंगकाम काढलं आणि सगळ्यांनी कुपनं पुढे केली. माल द्यायचा होता, पण तो विकत घ्यायला रोख नव्हती. दोन आठवडे फळ्या रिकाम्या. जे पहिल्यांदाच परत आले होते, त्यांतले काही तेव्हा कायमचे गेले. आगाऊ घेतलेले पैसे ही कमाई नसते, ते देणं असतं. हे मी रोज इतरांच्या वह्यांत लिहिते. इथे मीच ते थांबवायला हवं होतं. नंतर महिन्याला कुपनाचा एक चतुर्थांशच वापरता येईल असं ठरवलं आणि व्यापाऱ्याने पंधरा दिवसांची जास्तीची मुदत दिली, म्हणून निभावलं.

निष्पत्ती

दीड वर्षानंतरची स्थिती अशी. येणी अडीच महिन्यांवरून सुमारे तीन आठवड्यांवर आली. व्याजाचं कर्ज फिटलं. दर बिलाचा आकडा वाढला, पण जुन्या पातळीला पोचलेला नाही. बहुतेक तरुण घरं मोठी खरेदी अजूनही फोनवरूनच करतात, आणि ते बदलेल असं मला वाटत नाही. दुकान टिकलं ते लहान होऊन टिकलं. दहा तारखेच्या ठरावाचा फायदा वायरमनला आणि गटारसफाई करणाऱ्यालाही झाला. तेही महिनोन्महिने थांबलेले असत, हे आम्हाला या निमित्ताने समजलं. फळीवरच्या किल्ल्या सातच्या अकरा झाल्या.

मदतनीस मात्र सातव्या महिन्यात गेला. गोदाम गेलं तसं त्याचं काम घटलं, तास कमी झाले, पगारही. त्याने तक्रार केली नाही. आमच्या एकाही बैठकीला आम्ही त्याला बोलावलं नव्हतं.

आज पुन्हा करायचं झालं तर

मदतनीसाला पहिल्या दिवसापासून बरोबर घेईन. दुकान वाचवायचं म्हणताना आमच्या डोळ्यांपुढे फक्त मालक होता. १९ वर्षं खण उघडणारा माणूस आम्ही खर्चाच्या रकान्यात धरला. कोणता माल पडून आहे, कोणतं गिऱ्हाईक कशासाठी येत नाहीसं झालं, हे त्याला वह्यांपेक्षा आधी कळलं होतं. घरी जाऊन पाहणी करायचं नवं काम त्याला देता आलं असतं, शुल्कासकट. ते आम्हाला तो गेल्यावर सुचलं.

कुपनं काढलीच तर अर्धी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून मगच काढीन.

आणि दारावर कागद लागण्याची वाट पाहणार नाही. दर बिलाचा आकडा तीन वर्षं खाली येत होता. सोसायटीच्या फायलीत बिलं साचत होती. दोन्ही खुणा समोर होत्या. कुणी वर्षातून एकदा "काका, आमचं काही देणं राहिलंय का?" एवढं विचारलं असतं तरी निम्मं काम झालं असतं.

काकांनंतर कोण, या प्रश्नाला आम्ही हात घातला नव्हता. मदतनीस गेल्यावर तो टाळता येईना. आता वस्तीतलीच एक मुलगी आठवड्यातून दोन दुपारी दुकानात बसते. काका खण उघडतात, सांगतात, ती वहीत लिहिते: माप, आटे, कुठल्या नळाला, कुठल्या दाराला. भाडेकराराची साडेतीन वर्षं उरली आहेत. १४४ पैकी ६१ खणांची नोंद झाली आहे.